पायांना हवी थोडी मोकळीक!

रविवार सकाळ, सिंहगड रोड. खडकवासल्याचं धरण दिसेपर्यंत माझ्या उजव्या पायाची दोन बोटं पार बधिर! दोष पायांचाच, पुढून बदकासारखे रुंद. साधे बूट वापरून वापरून सैल तरी होतात. सायकलिंगच्या क्लीटवाल्या बुटांचा सोल कडक, तो कुणाचं ऐकत नाही. दुकानदार म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या." घेतला. टाच आत डुलायला लागली आणि क्लीट चवड्याखाली यायची ती बोटांकडे सरकली. धरणावर बूट काढून बसलो, तर कणीसवाल्या मावशी म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन पाय कशाला कोंडलेत, दादा?"

सायकल विकायचं जवळजवळ ठरलंच होतं. पण एका संध्याकाळी (तेव्हा पाय जरा फुगलेले असतात, माप तेव्हाच घ्यावं) कागदावर उभा राहून पायाभोवती पेन्सिल फिरवली. लांबी नेहमीचीच, रुंदी भलतीच! शिमानोचे काही बूट 'वाइड' मापातही येतात, हे तेव्हा कळलं. मागवले.

पुढच्याच रविवारी सिंहगडाचा घाट. धाप लागली, मांड्या पेटल्या, बोटं मात्र दहाच्या दहा जागी! परतताना मावशींकडे दोन कणसं घेतली, लिंबू जरा जास्त चोळून.