ओमानच्या डोंगरातील पाण्याची खतावणी

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. ओमानच्या उत्तरेस मात्र वाळूपेक्षा दगडच अधिक. तेथे अल हजर नावाची पर्वतरांग आहे. तपकिरी, उघडी, मैलोन्‌मैल गवताचे पातेही नसलेली. या दगडी रांगेच्या एखाद्या घळीत गाडी वळावी आणि एकाएकी खजुरांचे गर्द बन दिसावे, त्यात केळी, लिंबे आणि पायाशी जनावरांसाठी पेरलेला हिरवा लसूणघास. गेल्या जानेवारीत आम्ही चौदा जण एका स्थानिक मार्गदर्शकाबरोबर सहा दिवस अशा डोंगरी मरूद्यानांतून हिंडलो. चौदांपैकी दहा जण व्यापारी. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न भावाचा आणि दुसरा मालकीचा! पण याच दुसऱ्या प्रश्नामुळे मला या प्रवासातील सर्वांत मोलाची गोष्ट कळली.

मस्कतबद्दल फारसे लिहीत नाही. मत्रहच्या बाजारातील एक गोष्ट तेवढी सांगतो, कारण बँकवाल्याला ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ओमानमध्ये 1970 पर्यंत रुपया चालत असे. आखाती देशांसाठी आपल्या रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. पुढे रियाल आला, पण त्याच्या हजाराव्या भागाला तेथे आजही 'बैसा' म्हणतात. आपला पैसाच तो. कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या त्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल मौझ नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ केळ्यांचे तळे. गावातील जुन्या गढीजवळून एक दगडी पाट वाहतो. त्याला 'फलज' म्हणतात, आणि या शब्दाच्या मुळाशी 'वाटे करणे' असाच अर्थ आहे. डोंगराच्या पोटातील पाणी लांब भुयार खणून, पंपावाचून, निव्वळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणलेले असते. कोठे झऱ्याचे, तर कोठे ओढ्याचे पाणी उघड्या पाटाने येते. असे सुमारे तीन हजार फलज ओमानमध्ये आजही वाहतात. त्यांपैकी पाच 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. बिरकत अल मौझचा फलज अल खतमीन हा त्यांतलाच एक. येथे पाण्याचे तीन समान प्रवाह केलेले आहेत. आमच्यातील एक भुसार व्यापारी बराच वेळ वाकून ते तीन पाट न्याहाळत होते. शेवटी म्हणाले, "काटा बरोबर आहे." राजा सुलेमानाच्या आज्ञेने जिन्नांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खोदले, अशी तेथील लोककथा आहे. मला मात्र जिन्नांपेक्षा फलजाच्या हिशेबनिसाचे कौतुक अधिक वाटले.

होय, फलजाला हिशेबनीस असतो. वकील म्हणजे व्यवस्थापक, अरीफ म्हणजे पाळ्या सांभाळणारा, दप्तर राखणारा वेगळा, आणि लिलाव पुकारणारा दलाल, हा शब्दही आपल्या ओळखीचाच! पाणी वरच्या अंगाला प्रथम पिण्यासाठी, मग मशिदीसाठी व स्नानासाठी, आणि त्यानंतर शेतीसाठी. शेतीचे पाणी घागरींनी मोजत नाहीत, वेळेने मोजतात. सुमारे अर्ध्या तासाचा एक 'अथर', चोवीस अथरांचा एक 'बद्दा'. दिवसा खांबाच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरत असे. आता घड्याळ आले आहे. जमीन एकाची आणि पाण्याचा वाटा दुसऱ्याचा, असेही असते. वाटा विकता येतो, भाड्याने देता येतो, वारसाहक्काने विभागलाही जातो.

काही वाटे खुद्द फलजाच्या नावावर असतात. त्यांची बोली लागते आणि ती रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवतात. पेढीच्या वहीत धर्मादाय खाते लिहिणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वेळेने मोजण्यातील मर्म मला त्या रात्री हिशेब मांडताना उमगले. दुष्काळात पाट अर्धा झाला तर कोणाचाही अथर कमी होत नाही, पण प्रत्येकाचे पाणी अर्धे होते. नफ्यात जसा, तसाच तोट्यात वाटा; भागीदारीचा खरा करार तो हाच. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवरील फड पद्धतीत असाच विचार होता. पाटकरी पाणी वाटे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड सर्वांच्या संमतीने कोरडे ठेवत. नोकरीत विहिरी आणि कूपनलिकांच्या कर्जांची असंख्य प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. अर्जात जमिनीचा उतारा असे, पिकाचा अंदाज असे, जामीनदार असे. जमिनीखालचे पाणी शेजाऱ्याचेही आहे, याला मात्र कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. ओमानमध्येही पंप आले, आणि जेथे उपसा वाढला तेथे फलज आटले.

मिसफत अल अबरीयीन हे गाव आमचा शेवटचा मुक्काम. उभ्या खडकावर मातीची घरे, खाली पायऱ्यापायऱ्यांची शेते, आणि फलजाच्या काठाने जेमतेम एका माणसाची वाट. सूर्य डोंगराआड लवकर जातो म्हणून सौ. सारखी घड्याळ पाहत होती. आमचे ठेपले आणि दशम्या सूर्यास्ताच्या आत संपायला हव्यात, हे मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी जाणून घेतले होते. "अंकल, आमची पाण्याची पाळीही पूर्वी सूर्यावरच चाले," असे म्हणून त्याने आम्हाला खजुरांखाली सावलीत बसवले आणि चालकाला थांबवून ठेवले. त्याच्या या अगत्याला मोल नाही.

जेवताना मी गावाकडे पाहत होतो. बरीच घरे बंद होती. काही कोसळलेली, काहींची पर्यटकांसाठी अतिथीगृहे झालेली. मुले-नातवंडे खालच्या नव्या वस्तीत किंवा मस्कतला. पाण्याचे वाटे अजून त्यांच्याच नावावर आहेत, पण खजुरावर चढणारा आणि पाट वळवणारा माणूस परदेशी.

तो तेथेच भेटला. चितगावकडचा, हिंदी बरी बोलणारा. तीन मालकांची पाळी तो एकटाच सांभाळत होता. कोणाचे किती अथर, हे त्याला तोंडपाठ. मालक कधी येतात, असे विचारले तर म्हणाला, "खजूर उतरवायच्या वेळी." मग त्याने खिशातून मोबाईल काढून वेळ पाहिली, पाटाच्या तोंडाशी गुंडाळलेले फडके आणि सपाट दगड उचलला, तो शेजारच्या तोंडाला लावला, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरले.