तीस की पंधरा?



मागच्या महिन्यात लेक चार दिवस माहेरपणाला आली होती. ती इंजिनीअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते. सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हावीत म्हणून मी भराभर पोळ्या लाटत होते. ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "आई, साठ मुलं समोर असतात, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. फळ्यावरचं उतरवून घेतात, प्रश्न विचारला की माना खाली."

माझं लाटणं थांबलं. अशीच मान खाली घालून बसणारा एक मुलगा माझ्याच घरात होता.

धाकटा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून परत आला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. गणिताचे दोन पेपर राहिले होते. तेव्हा मी त्याला एकच ऐकवायची, "मोबाईल सोड, अभ्यास कर." कुठे अडतंय, हे एकदाही विचारलं नाही. आज तो दुकानात सूट, जीएसटी सगळं तोंडी करतो.

लेकीला मी आमच्या रविवारच्या पाठशाळेचं सांगितलं. आठ कर्मांची नावं मी घडाघडा म्हणून दाखवली की मुलं जांभया देतात. पण "मैत्रिणीने विचारलं, तुम्ही बटाटा का खात नाही, तर काय सांगाल?" असं म्हटलं की सगळी एकदम बोलायला लागतात.

लेक हसली. म्हणाली, "हार्वर्डमधल्या एरिक माझूर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१ पासून हेच केलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं." २०१४ साली अमेरिकेत विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण दीडपट निघालं, असंही तिने सांगितलं.

"मग तू का करत नाहीस?"

"तसा प्रश्न सुचायला हवा ना!"

प्रश्न आपल्याच घरात होता. ९व्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आपल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात सहा रसांच्या मिश्रणाचं गणित आहे. लेकीने ओट्यावर सहा वाट्या मांडल्या: गूळ, चिंच, मीठ, तिखट, मेथ्या आणि सुकवलेला आवळा. "आई, दोन-दोन चवी एकत्र केल्या तर किती प्रकार होतील?"

मी म्हटलं, "पहिली सहांतली कुठलीही, दुसरी उरलेल्या पाचांतली. सहा पंचे तीस."

ती चूक-बरोबर काहीच बोलली नाही. तेवढ्यात धाकटा दुकानातून आला. हात पुसता पुसता म्हणाला, "आई, चिंच-गुळाची आमटी वेगळी आणि गूळ-चिंचेची वेगळी असते का?"

खरंच की! प्रत्येक जोडी मी दोनदा मोजली होती. उत्तर पंधरा. मग तोच पुढे बसून मोजत राहिला. तीन-तीन चवींचे वीस, आणि एकीपासून सहांपर्यंत सगळे धरून ६३. शेवटी म्हणाला, "याचं सूत्र मी पाठ केलं होतं गं. पण ते कशाचं आहे, हे कुणी विचारलंच नाही."

पोळी तव्यावर करपली. मी तशीच उभी होते.

परवा लेकीचा फोन आला. तिने तोच प्रश्न वर्गात टाकला. बहुतेकांचं उत्तर तीस. शेजाऱ्याशी बोला म्हटल्यावर एवढा गलका झाला, की बाजूच्या वर्गातले सर डोकावून गेले. मागच्या बाकावरचा, वर्षभर न बोललेला एक मुलगा फळ्यापाशी येऊन पंधरा का ते सांगून गेला. दोघं-तिघं तरीही मोबाईलमध्येच होते. दहा मिनिटं जास्त गेली, आता सिलॅबस पुरा करायची तिला धावपळ आहे. पण आवाजात उत्साह होता.

मैत्रिणींनो, मुलं कॉलेजातून आली की मार्क विचारण्याआधी एकदा "आज कुठे अडलं?" असं विचारून बघा. मी हा प्रश्न धाकट्याला फार उशिरा विचारला, त्या रात्री जेवणानंतर. तो बराच वेळ बोलत होता. मी मध्ये काही बोलले नाही.

जय जिनेंद्र.