गायब होणारे पंचवीस टक्के

मुद्रितशोधनाचं काम मी घरूनच करते. लॅपटॉप जुना आहे आणि बहुतेक वेळ चार्जरला लावलेलाच असतो. बॅटरीची खरी गरज पडते ती वीज गेल्यावर. गेल्या पावसाळ्यात मात्र कोपऱ्यातला आकडा २५ टक्के दाखवत असतानाच स्क्रीन काळी व्हायला लागली. कसलीही सूचना नाही, आणि तपासलेली पानं सेव्ह करायची राहून जायची.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, टक्के बघू नका, आधी रिपोर्ट काढा." विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरी रिपोर्टवाली कमांड दिली की एक फाइल तयार होते. तिच्यात दोन ओळी पाहायच्या. डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता : माझ्याकडे ४८,००० मिलिवॉट-तास. फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज तिच्यात मावते ती वीज : ३६,०००. पाऊण क्षमता शाबूत होती, तर लॅपटॉप मध्येच बंद का पडत होता?

लिथियम-आयन बॅटरीत किती वीज उरली, हे थेट मोजता येत नाही. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ असतं, पण मधल्या मोठ्या टप्प्यात ते फार हळू उतरतं. त्यामुळे बॅटरीतली चिप आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह मोजून जमाखर्च मांडत राहते. त्यात बारीक चुका साचत जातात. बॅटरी पूर्ण भरून पूर्ण उतरली की चिपला दोन्ही टोकं सापडतात आणि हिशेब जुळतो. माझ्या लॅपटॉपला खालचं टोक कित्येक महिन्यांत दिसलंच नव्हतं. बॅटरी झिजत गेली, चिप मात्र जुनीच क्षमता धरून टक्के काढत राहिली.

मग कॅलिब्रेशन केलं. बॅटरी पूर्ण भरली, चार्जर तसाच ठेवून दोन तास थांबले. मग चार्जर काढून लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवला, काही तास तसाच राहू दिला आणि पुन्हा सलग पूर्ण भरला. नव्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी उतरून २७,००० वर आली. आकडे शेजारी मांडले आणि उलगडा झाला : ३६ मधून २७ गेले की उरतात ९, आणि ३६चा पाव भागही ९च. स्क्रीनवर दिसणारे ते २५ टक्के बॅटरीत कधी नव्हतेच.

कॅलिब्रेशनने बॅटरी तरुण होत नाही. ते वारंवारही करू नये, कारण पूर्ण उतरवण्याने सेल आणखी झिजतात. बॅटरी फुगलेली दिसली तर हा खटाटोप न करता ती काढून बदलूनच घ्यावी. पण माझ्यासारख्या, जुनं यंत्र नीट वापरू पाहणाऱ्या माणसाला खरा आकडा फार मोलाचा आहे. माझ्या कामाला लॅपटॉप सुमारे ९ वॉट घेतो, म्हणजे २७,००० मिलिवॉट-तासांत जवळपास तीन तास मिळतात. वीज गेल्यावर किती पानं हाती घ्यायची, हे आता मी त्या तीन तासांवर ठरवते, आणि नवी बॅटरी कधी घ्यायची तेही रिपोर्टमधला आकडा पाहूनच ठरवेन.