रक्तातला आकडा

कॅन्सर म्हटलं की आपल्या माणसांना आधी रक्ताचा रिपोर्ट हवा असतो. आकडा कमी आला की धीर येतो, जास्त आला की सुटतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि हा आकडा आमच्याही घरात शिरला.

इथे इंग्लंडमध्ये या आजारात ट्यूमर मार्कर सरसकट तपासत नाहीत. पुण्याच्या वन्सं मात्र फोनवर हटूनच बसल्या, "वहिनी, सीईए करून घ्याच." घेतला. आला २.८, म्हणजे नॉर्मल. वन्संना हायसं वाटलं. त्याच आठवड्यात पेट स्कॅनमध्ये अन्ननलिकेजवळच्या दोन लसिकाग्रंथींत रोग दिसला!

"मग रक्त खोटं बोललं का हो?" मी कन्सल्टंटना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. सीईए १९६५ साली माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना सापडला, तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये. अन्ननलिकेच्या पुष्कळ रुग्णांत तो वाढतच नाही, उलट नुसत्या सिगारेटनेही थोडा वाढतो. ह्यांची गाठ स्क्वॅमस जातीची. तिच्यासाठी एससीसी अँटिजेन, सिफ्रा २१-१ असे मार्कर आहेत. पण एससीसी सोरायसिसमध्ये किंवा मूत्रपिंड बिघडलं तरी चढतो. उपचाराआधी हे आकडे वाढलेले असले तर रोग बहुधा पुढे गेलेला असतो, एवढं खरं. पण त्यावरून एका माणसाचं भविष्य मांडता येत नाही.

"मग माझं कशावरून मांडणार?" ह्यांनी थेट विचारलं. उत्तर आलं : गाठ किती खोल गेली आहे, किती ग्रंथींत पसरली आहे आणि उपचारांना कशी दाद देते, त्यावरून.

पाच आठवड्यांत २३ वेळा रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमो आणि मग ऑपरेशन असं ठरलं. ही पद्धत हॉलंडच्या 'क्रॉस' चाचणीतली. २०१२ साली तिचे निष्कर्ष आले. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण २४ महिन्यांपलीकडे जगले. आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे ४९ महिन्यांपलीकडे. "निम्मे त्याहून जास्त जगले, हे लक्षात ठेवा," असं डॉक्टर मुद्दाम म्हणाले. ते वाक्य ह्यांनी घट्ट धरून ठेवलंय.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. मूळ गाठ पूर्ण विरघळली होती, पण एका ग्रंथीत थोड्या पेशी शिल्लक होत्या. म्हणून पुढे वर्षभर निवोलुमॅबची इंजेक्शनं झाली. पुढचं कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि आम्हीही आता विचारत नाही. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खाणं चालू आहे. वजन टिकून आहे, याचा आनंद मोठा.

मंडळी, एवढंच सांगायचंय. घास अडकू लागला तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका आणि नॉर्मल रक्तावर विसंबू नका. सरळ डॉक्टर गाठा, एंडोस्कोपीबद्दल विचारा. आणि ओळखीत कोणी या आजारातून जात असेल, तर आकड्याऐवजी "आज जेवण कसं गेलं?" असं विचारा. त्याचं उत्तर देणं आजारी माणसाला सोपं जातं.