जळगांवाहून धुळ्यास

गेल्या भाद्रपदापूर्वीं नातवंडांनीं आग्रहानें ‘व्हेंटिलेटर’ हा २०१६ सालचा मराठी चित्रपट दाखविला. राजेश मापुसकर ह्यांच्या ह्या चित्रपटांत गणेशोत्सव तोंडावर आला असतां घरचा वडीलधारा मनुष्य रुग्णालयांत कृत्रिम श्वासावर पडतो, आणि जमलेल्या गोतावळ्यास त्याच्या प्रकृतीइतकीच उत्सवाचीहि चिंता पडते! घरची मंडळी पोट धरून हंसली. मला मात्र हंसतां हंसतां धुळ्यास राहणारा धाकटा भाऊ आठवला. वाड्याच्या वांटणीवरून आमचें बोलणें अकरा वर्षें बंद होतें.

दुसऱ्याच दिवशीं एस्. टी. नें निघालों. एरंडोलास उतरून प्रथम पद्मालयाचें दर्शन घेतलें. कमळांच्या तळ्याकांठच्या त्या देवळांत गणपति दोन. एकाची सोंड उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. मनांत आलें, तोंडें फिरविलेले हे भाऊच जणूं! परंतु गाभारा एकच; मध्यें भिंत नाहीं.

पारोळ्यावरून धुळ्यास पोंचलों, पण पाय भावाच्या घराकडे वळेनात. म्हणून राजवाडे संशोधन मंडळाची वाट धरली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच वारले. पुढील वर्षीं त्यांच्या संग्रहाच्या जतनार्थ हें मंडळ स्थापन झालें. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून, घरोघरचीं दप्तरें धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ २२ खंडांत प्रसिद्ध केलीं. वाचकहो, जुन्या दप्तरांत वतनाचे तंटे विपुल. वतनावर हक्क सांगावयाचा, तर मूळ पुरुषापासून वंश सांगणें प्राप्त होई. वादी तो लिहून देई, प्रतिवादीहि देई. म्हणजे कित्येक घराण्यांस आपला मूळ पुरुष ठाऊक आहे, तो भाऊ भाऊ भांडले म्हणून! जे गुण्यागोविंदानें नांदले, त्यांचा कागदच नाहीं. विनोद खरा, पण कडू. आमच्याहि मागें वांटणीचा दावा तेवढाच उरणार काय?

सायंकाळीं भावाचें दार ठोठावलें. त्यानें क्षणभर न्याहाळलें आणि विचारलें, “दादा, जेवला आहांत कीं नाहीं?” कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत पानांत पडलें. वाड्याचा विषय त्या रात्रीं कोणीच काढला नाहीं. तो अद्याप सुटलेलाहि नाहीं. मात्र निघण्यापूर्वीं आम्हीं दोघांनीं मिळून घराण्याची वंशावळ लिहून काढली. श्राद्धास लागणारीं तीन नांवें मला पाठ होतीं. चौथें त्यास ठाऊक होतें.