आजोबा नसलेला संघ

टेक्सासमध्ये फुटबॉलचा संघ कुणी निवडत नाही, तो वारशाने येतो. इथला फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा आणि हेल्मेटचा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा लाँगहॉर्न्स संघ 1893 पासून खेळतोय आणि टेक्सास ए अँड एमचा अ‍ॅगीज संघ 1894 पासून. दोघांच्याही स्टेडियमांत लाखभर माणूस बसतं. एखाद्याला ‘तू अ‍ॅगी कसा?’ असं विचारलं, तर उत्तर आजोबांपासून सुरू होतं. आजोबा तिथे शिकले, वडिलांनी हाताला धरून मॅचला नेलं, काका अजूनही विद्यापीठाची अंगठी घालतात, वगैरे. पुण्याहून इथे आलेल्या माझ्यासारखीला या गप्पांत भर घालायला काही नसतं. माझे आजोबा पर्वतीखाली राहायचे आणि त्यांना ओव्हल आणि लॉर्ड्स ठाऊक होतं.

अशा राज्यात, ऑस्टिनपासून जेमतेम ऐंशी मैलांवर, सॅन अँटोनियोच्या आमच्या विद्यापीठाने 2011 साली रोडरनर्स नावाचा कोरा करकरीत फुटबॉल संघ उभा केला. यूटीएसए या नावाने ओळखलं जाणारं हे विद्यापीठ 1969 मध्ये स्थापन झालेलं. विद्यार्थी बहुतेक याच परिसरातले, तास संपला की गाडीत बसून नोकरीवर किंवा घरी जाणारे. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच पिढी असणारेही त्यांत भरपूर. त्यांच्या शनिवारची संध्याकाळ कॉलेजच्या नावाने कशी राखून ठेवायची, हा प्रश्न संघ जिंकतो की हरतो याच्याही आधीचा होता.

सुरुवात मात्र दणक्यात झाली. 3 सप्टेंबर 2011 रोजी शहरातल्या अलामोडोम स्टेडियममध्ये पहिली मॅच झाली. प्रतिस्पर्धी ओक्लाहोमातलं नॉर्थईस्टर्न स्टेट, म्हणजे खालच्या विभागातलं छोटं कॉलेज. प्रशिक्षक लॅरी कोकर, ज्यांनी 2001 च्या हंगामात मायामी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. यूटीएसएने 31-3 अशी मॅच जिंकली, पण बातमी झाली ती प्रेक्षकांच्या आकड्याची : 56,743. कॉलेजच्या नव्या संघाच्या पहिल्या मॅचसाठी देशात एवढी गर्दी आधी कधी झाली नव्हती. त्या पूर्ण हंगामाची सरासरीही 35 हजारांच्या वर राहिली.

पुढे काय झालं, हे कुठल्याही नव्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला विचारा. पहिला प्रयोग उत्सुकतेवर भरतो, दुसरा थोडाफार कौतुकावर आणि नंतर प्रयोगाला स्वतःच्या जोरावर उभं राहावं लागतं. 2012 आणि 2013 बरे गेले. त्यानंतर संघ हरू लागला. 2015 मध्ये बारापैकी तीन सामने जिंकले आणि तो हंगाम संपल्यावर कोकर यांनी पद सोडलं. साठ हजारांहून जास्त खुर्च्यांच्या त्या घुमटाखाली वीस-बावीस हजार माणसं बसली, तरी टीव्हीवर खुर्च्याच आधी दिसतात. त्यातही तिकिटं किती खपली आणि दारातून आत प्रत्यक्ष किती आले, हे दोन वेगळे आकडे असतात, आणि छापला जातो तो सहसा मोठा.

अलामोडोमची गोष्ट सांगितल्याशिवाय या शहराचं मन कळत नाही. 1993 साली शहराने तब्बल 18 कोटी 60 लाख डॉलर खर्चून हे स्टेडियम बांधलं, ते एनएफएलचा व्यावसायिक संघ येईल या आशेवर. तो आजतागायत आलेला नाही. 2005 मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा तिथला सेंट्स संघ तीन मॅच इथे खेळला. शहराच्या आशा पालवल्या, संघ परत गेला. त्याआधी 1995 मध्ये कॅनडाच्या लीगचा एक संघ आला आणि एका हंगामात गाशा गुंडाळून गेला. 2019 मध्ये नव्या लीगचा कमांडर्स संघ आला. लोकांनी त्याला भरभरून प्रतिसाद दिला, आणि हंगाम पुरा व्हायच्या आतच एप्रिलमध्ये लीगच बंद पडली. जर्सी विकत घेतलेल्या माणसांच्या कपाटात आजही त्या जर्सी पडून आहेत.

पुणेकरांना हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. यूटीएसएचा संघ जन्मला त्याच 2011 साली आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्सही जन्मले. पहिल्या हंगामात त्यांचं ‘घर’ नव्या मुंबईत होतं, मग गहुंज्याला हक्काचं मैदान मिळालं, आणि 2013 नंतर मालक आणि बोर्ड यांच्या वादात संघच संपला. 2016 मध्ये दुसरा संघ आला तोच मुळी दोन वर्षांच्या बोलीवर. 2017 च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला आणि पुढच्या वर्षी अस्तित्वातच नव्हता. अशा संघावर जीव कोण टाकणार? पुणेकर आपला धोनी, सचिन, रोहित यांच्यासाठी मैदानावर जात राहिला. पुण्यासाठी जायची सवय लागायला कुणी वेळच दिला नाही.

विद्यापीठाचा संघ इथेच वेगळा ठरतो. त्याला मालक नाही, त्यामुळे तो विकला जात नाही आणि रातोरात दुसऱ्या शहरात जातही नाही. हरला तरी पुढच्या सप्टेंबरला तो इथेच असतो. ही खात्री तिकिटावर छापलेली नसते, पण गर्दी वाढण्याचं पहिलं कारण तीच असते असं माझं निरीक्षण आहे. माणसं जिंकणाऱ्या संघाकडे वळतात हे खरं. मात्र सवय लावून घेतात ती टिकणाऱ्याच संघाची.

अर्थात नुसतं टिकून गर्दी होत नाही. अडचणी साध्या, रोजच्या होत्या. विद्यापीठाचा मुख्य परिसर शहराच्या वायव्य टोकाला आणि अलामोडोम शहराच्या मध्यात. अंतर पंधराएक मैल. वसतिगृहातून चालत मॅचला जाणं, हा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा अर्धा आनंद, इथे शक्यच नाही. म्हणून विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत ठेवला, बसची सोय केली. वरच्या मजल्यावर बसणाऱ्याला खेळाडू मुंगीएवढे दिसतात. पण छप्पर आणि वातानुकूलन असल्यामुळे सप्टेंबरच्या भाजून काढणाऱ्या दुपारी लहान मुलांना घेऊन बसता येतं, ही जमेची बाजू. प्रतिस्पर्धी कोण, यालाही महत्त्व आहे. 2013 मध्ये ओक्लाहोमा स्टेटसारखा मोठा संघ आला तेव्हा चाळीस हजारांची गर्दी झाली, पण त्यातले बरेच नारिंगी शर्टवाले पाहुणे होते. त्यापेक्षा कामाचं निघालं ते शेजाऱ्याशी वैर. आय-35 महामार्गावर पन्नास मैलांवरच्या सॅन मार्कोसचं टेक्सास स्टेट 2023 मध्ये आलं, तेव्हा गर्दी पन्नास हजारांच्या जवळ पोहोचली. दूरच्या राजापेक्षा शेजारच्या गावकऱ्याला हरवण्यात जास्त गंमत असते, हे कुठल्याही जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर कळतं.

खरा बदल झाला तो डिसेंबर 2019 मध्ये जेफ ट्रेलर प्रशिक्षक म्हणून आले तेव्हापासून. हा गृहस्थ पूर्व टेक्सासमधल्या गिल्मर या छोट्या गावच्या हायस्कूलचा एके काळचा कोच. तिथल्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलेलं आहे. टेक्सासमध्ये शुक्रवारची रात्र हायस्कूल फुटबॉलची असते. गावंच्या गावं दिव्यांखाली जमतात. ज्याला शुक्रवारची रात्र कळते, त्याला शनिवारची गर्दी कुठून आणायची हे कळतं. ट्रेलर यांनी शहराचा टेलिफोन कोड 210 हाच संघाच्या घोषणेत घातला आणि आसपासच्या शाळांतली मुलं घेण्यावर भर दिला. क्वार्टरबॅक फ्रँक हॅरिस शेजारच्या शर्ट्झ गावचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी जवळजवळ कारकीर्द संपलेली असताना तो इथेच थांबला आणि 2017 ते 2023 अशी सात वर्षं या संघात राहिला. आपल्या गल्लीतल्या मुलाला खेळताना बघायला आई-वडील, मावश्या, शाळेतले मास्तर, सगळे येतात आणि येताना शेजाऱ्यालाही आणतात. जाहिरातीवर कितीही खर्च करा, हे जमत नाही.

2021 च्या हंगामात संघाने ओळीने अकरा सामने जिंकले. अकरावा, 20 नोव्हेंबरचा, बर्मिंगहॅमच्या यूएबी विद्यापीठाविरुद्धचा. तीन सेकंद उरलेले, हॅरिसचा पास कुणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि ऑस्कर कार्डेनासने तो टचडाऊनच्या क्षेत्रात झेलला. 34-31. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाई, लष्करातून निवृत्त झालेल्या, मला मिठी मारून रडल्या. आमची तोपर्यंत नीट ओळखही नव्हती. 3 डिसेंबरला कॉन्फरन्सच्या, म्हणजे संघ ज्या गटात खेळतो त्याच्या, अंतिम सामन्यात वेस्टर्न केंटकीला 49-41 ने हरवलं, तेव्हा 41,148 लोक होते आणि शिट्टी वाजताच त्यातले निम्मे मैदानात उतरल्यासारखे वाटले. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद, 2023 मध्ये वरच्या दर्जाच्या अमेरिकन कॉन्फरन्समध्ये प्रवेश आणि त्याच डिसेंबरात हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यात पहिला विजय. ओळीने विजय मिळत असतानाही 2021 मध्ये सुरुवातीच्या मॅचना रिकाम्या खुर्च्या भरपूर होत्या, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. यश आधी येतं, माणसं त्याची खातरजमा करून मग येतात.

पण माझ्या मते या गर्दीचं गुपित पार्किंगमध्ये आहे. मॅचच्या कितीतरी तास आधी अलामोडोमभोवती ट्रक लागतात, मागचं फळकूट खाली पडतं, शेगड्या पेटतात. यालाच टेलगेटिंग म्हणतात. या शहरात बहुसंख्य लोक मेक्सिकन वंशाचे, त्यामुळे फहिता, बार्बाकोआ, गरम तोर्तिया आणि अ‍ॅकॉर्डियनची गाणी. शिवाय हे लष्कराचं शहर आहे. फोर्ट सॅम ह्यूस्टन आणि लॅकलँड या तळांमुळे देशभरातून बदलून आलेली कुटुंबं इथे असतात. त्यांचे आजोबा ओहायोचे, नाहीतर अलाबामाचे. आणि आमच्यासारखी आयटीतली, रुग्णालयांतली मंडळी. लेक यूटीएसएला शिकायला लागली, तेव्हा तिच्याबरोबर आम्हीही तिथे मसाला लावलेली कोंबडी घेऊन जाऊ लागलो. शेजारच्या ट्रकवाल्याने चव घेऊन ‘पुढच्या वेळी जास्त आणा’ अशी आज्ञाच केली. अंगठा आणि करंगळी ताणून ‘बर्ड्स अप’ करायला मला त्याच्या नातीने शिकवलं. ऑस्टिनला किंवा टेक्सास ए अँड एमच्या कॉलेज स्टेशनला मी कितीही वर्षं गेले तरी पाहुणीच राहिले असते, कारण तिथली माणसं आठवणी सांगतात आणि आपण ऐकतो. इथे कुणाचाच आजोबा रोडरनर नव्हता. सगळे एकाच वर्षी रांगेत उभे राहिलो.

हे सगळं फुकट झालेलं नाही, तेही सांगायला हवं. 2007 साली विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरचं क्रीडाशुल्क वाढवून घेतलं, त्यातून हा संघ उभा राहिला. मतदान केलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिली मॅच होईपर्यंत कॉलेज सोडलंही असेल. ते शुल्क आजही मॅचला कधीच न जाणारा, रात्रपाळी करून शिकणारा मुलगा भरतोच. नोकऱ्या आणि कर्जं सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचं उत्तर एकच : ज्यांच्या पैशावर संघ उभा आहे, त्यांना खुर्ची फुकट आणि जवळची मिळाली पाहिजे. मोठ्या देणगीदारांच्या काचेच्या खोल्या नंतर.

म्हणून नवा संघ काढणाऱ्या कुठल्याही कॉलेजला, मग ते टेक्सासमधलं असो की महाराष्ट्रातलं, माझा सल्ला सोपा आहे. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर भाळू नका. गावातली मुलं खेळवा, शेजारच्या गावाशी दरवर्षी मॅच ठेवा, विद्यार्थ्यांना दारापर्यंत आणा आणि हरलात तरी तिथेच राहा. आणि परदेशात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना विनंती आहे की, पहाटे उठून आयपीएल जरूर बघा, पण शनिवारी आपल्या गावच्या कॉलेजचं एक तिकीटही काढा. त्यातही संघ नवा असेल तर आधी काढा. तिथे तुम्ही कुणाच्याही मागे नसता.