चावीचं घड्याळ

जुनं वापरणं ही आता फॅशन झालीय म्हणे. आमच्या ब्रँचमधला नवा पोरगा एचएमटी ‘जनता’ मिरवत आला, तर सगळे बघायला जमले. बाबांचं तेच घड्याळ मी 25 वर्षं वागवतोय, तेव्हा मात्र ‘चिक्कू’ म्हणत! 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला सुरू झालेला हा सरकारी घड्याळ-उद्योग 2016 साली सरकारनेच बंद करायचं ठरवलं. रोज सकाळी चावी द्यायची. विसरलात, की घड्याळ संपावर. (बँकवाल्याला याचं कौतुक!) पण बर्डीवरचे आमचे घड्याळजी आता थकले. मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. परवा म्हणाले, “भाऊ, पुढच्या वेळी दुसरा माणूस पाहून ठेवा.” कुठला पाहू?